म्हातारी झालेली गावे आणि उघडलेले दार

गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपल्यावर विहाराच्या पायरीवर एका गृहस्थांनी आम्हाला थांबविले. म्हणाले, "भाऊ, जयभीम. जरा हा कागद बघता का?" त्यांची मुलगी परिचारिका आहे. नर्सिंगची पदवी घेतली, चार वर्षे इस्पितळात रात्रपाळ्या केल्या, इंग्रजीची परीक्षा दिली आणि ऑस्ट्रेलियात नोकरीसाठी अर्ज केला. तो देश नोव्हेंबर २०१९ पासून एक वेगळा व्हिसा देतो. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे सोडून इतर भागात राहून काम करायचे, अशी त्याची अट आहे. तीन वर्षे अटी पाळल्या की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. मुलीला बोलावणे आले होते ते एका लहानशा गावातून.

गृहस्थ म्हणाले, "माझ्या वडिलांनी बाबासाहेबांचे ऐकून गाव सोडले. आणि माझी पोरगी एवढे शिकून, सातासमुद्रापलीकडे जाऊन, पुन्हा गावातच राहणार? तेथे म्हणे सगळे म्हातारेच उरलेत!" एवढे बोलून ते थोडे थांबले आणि हळूच म्हणाले, "म्हातारे तर आमच्याही गावी उरलेत. आमची आई एकटीच आहे तिकडे."

प्रश्न एका बापाचा होता, पण तो आपल्या कितीतरी घरांचा आहे. म्हणून आम्ही या विषयाची जमेल तेवढी माहिती गोळा केली. ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गावे म्हातारी का झाली?

ऑस्ट्रेलिया हा आकाराने भारताच्या दुपटीहून मोठा देश. लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास. त्यातले बहुतेक लोक समुद्रकाठच्या मोठ्या शहरांत राहतात. २०२१ च्या जनगणनेत देशाचे मध्यम वय ३८ वर्षे निघाले. म्हणजे निम्मे लोक ३८ पेक्षा लहान आणि निम्मे मोठे. आतल्या खेड्यांत हा आकडा पुष्कळच वर जातो.

उदाहरणादाखल आपण एकच भाग घेऊ. मेलबर्नच्या पश्चिमेला सुमारे ३०० किलोमीटरवर विमेरा नावाचा सपाट, कोरडा मुलूख आहे. गहू, बार्ली, हरभरा आणि मसूर ही तेथली पिके. आपल्या देशात ऑस्ट्रेलियातून मोठ्या प्रमाणावर मसूर येतो. तेव्हा आपल्या भगिनी जी मसुराची डाळ शिजवितात, तिच्यातले काही दाणे या भागातले असणे अगदी शक्य आहे.

पूर्वी या शेतीला खूप माणसे लागत. पुढे अवजड यंत्रे आली. एकच कुटुंब हजारो एकर पेरू लागले. शेजाऱ्याची जमीन विकत घेतली गेली आणि शेजारी निघून गेला. मुले कमी झाली, शाळा बंद झाली. शाळा गेली तसे तरुण जोडपेही गेले. १९९७ ते २००९ या काळात मोठा दुष्काळ पडला, त्याने उरलीसुरली उमेद खचविली. खेळायला पुरेशी पोरे नाहीत म्हणून दोन-दोन गावांचे फुटबॉल संघ एकत्र करावे लागले. जो मुलगा शिकायला मेलबर्नला गेला तो परत येईना. मागे राहिले ते आईबाप.

आपल्या वाचकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. फरक एवढाच की तेथे माणसे यंत्रामुळे गेली. आपली माणसे भुकेमुळे गेली आणि त्याहून जास्त अपमानामुळे गेली.

बँक गेली तेव्हा

१९९० नंतरच्या दशकात तेथल्या मोठ्या बँकांनी शेकडो ग्रामीण शाखांना कुलूप लावले. नफा पुरत नाही, हे कारण. बँक गेली की माणूस पैसे काढायला पन्नास मैलांवरच्या शहरात जातो आणि बाजारहाटही तेथेच करून येतो. मग गावचा वाणी बसतो, औषधाचे दुकान बसते. जी म्हातारी गाडी चालवू शकत नाही तिचे तर सगळेच अडते.

विमेरातील रुपॅन्यप आणि मिन्यिप या दोन लहान गावांनी तेव्हा रडत न बसता हिशेब मांडला. गावकऱ्यांनी स्वतः भाग विकत घेतले, भांडवल उभे केले आणि स्वतःची कंपनी काढली. बेंडिगो बँक ही १८५८ साली सोन्याच्या खाणींच्या मुलखात सुरू झालेली जुनी संस्था आहे. तिच्याशी त्यांनी करार केला. परवाना आणि बँकेची यंत्रणा बेंडिगोची, जागा आणि भांडवल गावाचे, उत्पन्नात दोघांची वाटणी. नफ्यातला मोठा वाटा भागधारकांच्या खिशात न जाता गावाच्याच कामाला लावायचा, असा नियम. जून १९९८ मध्ये ही पहिली 'समाज बँक' सुरू झाली. पुढे शेकडो गावांनी आणि शहरी वस्त्यांनी तोच मार्ग धरला. आजवर या बँकांनी दवाखाने, मैदाने, रुग्णवाहिका, शिष्यवृत्त्या अशा कामांसाठी ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली आहे.

वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला येथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ही भीक नव्हे आणि देणगीही नव्हे. आपल्या बचत गटाची किंवा पतपेढीची तत्त्वे याहून वेगळी नाहीत. फरक आहे तो हिशेबाच्या चोखपणाचा आणि माणसे एकत्र टिकून राहण्याचा. 'संघटित व्हा' हा बाबासाहेबांचा आदेश मोर्चापुरता नाही. तो जमाखर्चाच्या वहीलाही लागू आहे.

म्हातारेच म्हाताऱ्यांना सांभाळतात

अशा गावांत सत्तर वर्षांचा माणूस 'तरुण' समजला जातो, असे विनोदाने म्हणता येईल. घरपोच जेवण देण्याची सेवा तेथे १९५० नंतरच्या दशकापासून चालू आहे. कित्येकदा सत्तरीची बाई आपल्या गाडीतून पंच्याऐंशीच्या आजोबांना डबा पोहोचविते. ग्रामीण महिलांची संघटना १९२२ पासून काम करीत आहे. रानात वणवा लागला तर विझवायला धावतात ते गावचेच स्वयंसेवक, पगार न घेता. त्यांचेही केस आता पांढरे झाले आहेत, आणि वणवा काही कोणाचे वय पाहून येत नाही. ७ फेब्रुवारी २००९ च्या व्हिक्टोरिया राज्यातील वणव्यांत १७३ माणसे दगावली.

पुरुषांच्या एकटेपणावर त्यांनी शोधलेला उपाय विशेष सांगण्यासारखा आहे. निवृत्त झालेला पुरुष घरात बसून कुढतो, मनातले कोणाशी बोलत नाही. हे आपल्याकडेही आहे. गिरणी, रेल्वे, पालिका यांतून निवृत्त झालेले आपले वडील दिवसभर नाक्यावर कसे बसून असतात ते आपण पाहतो. तेथे गूलवा गावी १९९३ मध्ये आणि टोंगाला गावी १९९८ मध्ये अशा पुरुषांसाठी एक पत्र्याची शेड उभारली गेली. आत सुतारकामाची हत्यारे, लेथ आणि चहाची किटली. कोणी शाळेची बाके दुरुस्त करतो, कोणी खेळणी बनवतो. समोरासमोर बसून जो बोलत नाही, तो शेजारी उभा राहून रंधा मारताना बोलतो. आज देशभर अशा हजारावर शेड आहेत.

याचा अर्थ सगळे छान आहे असा नव्हे. लहान गावात डॉक्टर टिकत नाहीत. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना प्रथम काही वर्षे टंचाईच्या भागांतच काम करायला लावण्याचा नियम १९९७ पासून आहे. त्यामुळे खेड्यातील दवाखान्यात भारतीय डॉक्टर सर्रास भेटतो. मोठ्या तपासणीसाठी मात्र शेकडो किलोमीटर जावे लागते. ज्याची नजर अधू झाली आणि गाडीचा परवाना गेला, त्याचे अर्धे स्वातंत्र्यच जाते. वृद्धाश्रमांच्या कारभाराची चौकशी करायला २०१८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. २०१९ च्या अंतरिम अहवालाला त्याने नावच 'उपेक्षा' असे दिले होते. त्यानंतर नवा कायदा झाला आणि तो १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात वृद्धांची सेवा ही मेहरबानी न मानता त्यांचे हक्क लिहून दिले आहेत.

निल गावाने दार उघडले

आता मुख्य गोष्ट. याच विमेरात मेलबर्न आणि अ‍ॅडलेड यांच्या साधारण मध्यावर निल नावाचे गाव आहे, वस्ती दोन हजारांच्या आसपास. तेथे 'लव्ह-अ-डक' नावाचा बदकांच्या मांसाचा कारखाना आहे. कारखान्याला काम वाढवायचे होते, पण गावात काम करणारे हातच उरले नव्हते.

त्याच वेळी मेलबर्नच्या एका उपनगरात करेन जमातीची निर्वासित कुटुंबे कामाच्या शोधात होती. करेन हे ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे. त्यांच्यात बौद्धही आहेत आणि ख्रिस्तीही. त्या देशाच्या लष्कराने त्यांची गावे जाळली. अनेकांची वर्षानुवर्षे थायलंडच्या सीमेवरील छावण्यांत गेली. बुद्धाच्या देवळांनी भरलेल्या देशात हे घडले. केवळ देवळे बांधल्याने करुणा येत नाही, हे आपण बौद्धांनी विसरता कामा नये.

कारखान्याच्या व्यवस्थापकाने नुसती जाहिरात देऊन माणसे आणली नाहीत. आधी गावाशी बोलणे केले. मग करेन कुटुंबांना गाव दाखविले. २०१० च्या सुमारास पहिली काही माणसे कामाला लागली. घरे शोधून देणे, बाजार दाखविणे, गाडी शिकविणे, इंग्रजीचे वर्ग घेणे यांत गावकरी सामील झाले. व्यवस्थापक आणि त्यांच्या पत्नी स्वतः पुढे होते. २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर १६० च्या आसपास करेन निलमध्ये राहायला आले होते. पूर्ण वेळच्या सुमारे ७० नोकऱ्यांएवढे काम वाढले होते आणि पाच वर्षांत तेथल्या अर्थव्यवस्थेत ४ कोटी १५ लाख डॉलरची भर पडली होती. शाळेत मुले वाढली. करेन भगिनींच्या हातच्या कापडाचे दुकानही निघाले.

गावाने निर्वासितांना वाचविले असे म्हणतात. आम्ही म्हणतो, निर्वासितांनीही गावाला वाचविले.

ज्यांना दाराबाहेर ठेवले

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही आंबेडकरवादी कसले? ही जमीन मुळात गोऱ्या शेतकऱ्यांची नव्हती. विमेरा ही वोटजोबालुक आदिवासींची भूमी. न्यायालयाने तेथील त्यांचा मूळ हक्क मान्य केला तो २००५ साली.

त्या भागातील हॅरो गावच्या परिसरात उनारिमिन नावाचा आदिवासी खेळाडू होऊन गेला. गोरे लोक त्याला जॉनी मुल्लाघ म्हणत. १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा करणारा पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ आदिवासींचा होता आणि हा त्यातला सर्वोत्तम खेळाडू. एका खाणावळवाल्याने त्याला तबेल्याशेजारची खोली देऊ केली, तेव्हा ती नाकारून तो रात्रभर उघड्यावर झोपला, अशी नोंद आहे. हे वाचून आम्हाला पुण्यात पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या भांड्यात चहा पिणारे पाळवणकर बाळू आठवले. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नच्या कसोटीत मुल्लाघच्या नावाचे पदक प्रथमच देण्यात आले. ते मिळाले आपल्या अजिंक्य रहाणेला.

तेथे म्हातारपणाचे निवृत्तिवेतन १९०९ पासून मिळते. पण त्या कायद्याने आदिवासींना आणि बाहेरून आलेल्या आशियाई माणसांना वगळले होते. आदिवासींवरचे शेवटचे निर्बंध उठले ते १९६६ मध्ये. आजही सरकारी वृद्धसेवेसाठी इतरांना ६५ वर्षांची अट असली तरी आदिवासींना ती ५० वर्षांपासून मिळते. ही सवलत नव्हे, कबुलीजबाब आहे. पिढ्यान् पिढ्या हाल सोसलेल्या माणसाला म्हातारपण लवकर गाठते. २०२१ च्या जनगणनेत आदिवासींचे मध्यम वय अवघे २४ होते. देश म्हातारा होत असला तरी ते म्हातारपण सर्वांच्या वाट्याला आलेले नाही.

आपण काय घ्यावे?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत परमपूज्य बाबासाहेबांनी गावगाड्याची स्तुती साफ नाकारली आणि घटनेचा पाया गाव नसून व्यक्ती आहे, हे ठासून सांगितले. त्यांचा राग मातीवर नव्हता. माणसाला दाराबाहेर उभे करणाऱ्या व्यवस्थेवर होता. म्हणून गाव लहान की मोठे, तरुण की म्हातारे, हा खरा प्रश्न नाही. ते कोणाला आत घेते, हा खरा प्रश्न आहे.

त्या गृहस्थांना आम्ही सांगितले, "दादा, पोरीला जाऊ द्या. मात्र कराराचा कागद नीट वाचा. राहायला घर कोण देणार, पगार किती, गाडी चालवायला येते का, तेथल्या परिचारिकांची युनियन कोणती, हे आधी विचारा. आणि ती तेथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला लागली की तिला सांगा, त्या गावात आदिवासी कोठे राहतात तेही बघ."

आणि त्यांच्या आईबद्दल? बोलता बोलता कळले की त्यांच्या गावच्या बौद्धवाड्यात अकरा घरे आहेत, त्यांतल्या सात घरांत एकेकटी म्हातारी माणसे. त्यांच्यापैकी तिघांनी श्रावणबाळ योजनेचा अर्जच कधी केलेला नाही. त्या गावची तीसएक कुटुंबे आपल्याच वस्तीत राहतात. पाळीपाळीने दर महिन्याला एका कुटुंबाने गावी जायचे, सातही घरी फिरायचे, औषधे आणि अर्ज पाहायचे, असे गेल्या रविवारी विहारात ठरले. वहीत नावे लिहिली आहेत. पहिली पाळी त्या गृहस्थांनी स्वतः मागून घेतली.

सर्वांना जयभीम.