दवंडी ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही

ग्रामीण महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्थांचा कारभार कागदावर नोंदला जात असला, तरी तो चालतो तोंडी. ग्रामसभेची सूचना दवंडीने किंवा भोंग्यावरून दिली जाते, दवाखान्यात केसपेपरच्या क्रमाने नाव पुकारले जाते, तलाठी कार्यालयात कोणता कागद कमी आहे हे टेबलापलीकडून सांगितले जाते आणि न्यायालयात शिपाई दारात येऊन पक्षकाराच्या नावाचा पुकारा करतो. ज्याला ऐकू येते त्याच्या हे कधी ध्यानातही येत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला मात्र या प्रत्येक ठिकाणी आपल्या वतीने ऐकणारे कोणीतरी सोबत न्यावे लागते. कर्णबधिर नागरिकांशी होणाऱ्या भेदभावाचा विचार येथूनच सुरू करावा लागतो, कारण त्यांना दारातून हाकलून दिल्याचे प्रसंग क्वचित घडतात, पण “घरचे कोणी आले नाही का?” हा प्रश्न त्यांना जवळपास प्रत्येक खिडकीवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला तो भेदभाव वाटतही नाही.

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील, उसाच्या शेतीवर उभे असलेले गाव आहे. अशा गावातील शेतकऱ्याचा वर्षभरात ग्रामपंचायत, विकास सोसायटी, पाटबंधारे खाते, साखर कारखान्याचे गट कार्यालय, बँक, तहसील कचेरी आणि सरकारी दवाखाना या सर्वांशी संबंध येतो. पाण्याची पाळी कधी सुटणार, तोडणीची टोळी कोणत्या दिवशी फडात उतरणार, सोसायटीचे कर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरायचे, यांतील बरीचशी माहिती फोनवरून, बांधावरून किंवा चावडीवरच्या बोलण्यातून पसरते. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या शेतकऱ्याला ती सर्वांत शेवटी आणि तीही दुसऱ्या कोणी सांगितली तेवढीच कळते. पाळी हुकली तर उसाचे नुकसान होते, पण त्या नुकसानीची नोंद भेदभाव म्हणून कोठेही होत नाही.

येथे काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या ध्वनिपट्ट्यात ७० डेसिबल इतकी श्रवणहानी असलेली व्यक्ती ‘कर्णबधिर’ ठरते, आणि ही हानी ६० ते ७० डेसिबल असेल तर त्या व्यक्तीला ‘कमी ऐकू येणारी’ असे म्हटले जाते. डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप असून समोरासमोरचे साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ उलगडतो. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या ५० लाख ७१ हजार व्यक्तींची नोंद झाली. ‘मूकबधिर’ हा शब्द अजूनही कार्यालयांत आणि शाळांच्या पाट्यांवर दिसतो. परंतु बहुतेक कर्णबधिरांच्या स्वरयंत्रात कोणताही दोष नसतो, आणि ज्यांच्याकडे स्वतःची पूर्ण भाषा आहे त्यांना मुके म्हणणे वस्तुस्थितीलाही धरून नाही.

ती भाषा म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा. मराठीचे किंवा हिंदीचे हातांनी केलेले रूपांतर असा तिच्याविषयी सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. नकार आणि प्रश्नवाचक खूण सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते, भुवया, ओठ आणि खांदे यांच्या हालचालींना व्याकरणिक अर्थ असतो आणि हवेतील जागेचा उपयोग कोण कोणाला काय म्हणाले हे दाखवण्यासाठी केला जातो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना केली आणि या संस्थेने २०२१ पर्यंत १० हजार शब्दांचा कोश सिद्ध केला. शिक्षणात मात्र या भाषेला दीर्घकाळ बाजूला ठेवले गेले. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना खुणांऐवजी तोंडी बोलण्यानेच शिकवावे असा ठराव केला, आणि त्याचा प्रभाव जगभरातील शाळांवर पुढे शंभर वर्षे राहिला. मुंबईत माझगाव येथे १८८५ मध्ये देशातील कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली ती याच काळात, आणि भारतातील शाळांतही पुढे ओठ वाचून बोलायला शिकवण्यावरच भर राहिला. अनेक मुलांची शालेय वर्षे उच्चारांच्या सरावात गेली आणि विषयांचे ज्ञान मागे पडले.

“ऐकू येत नसेल तर लिहून दाखवा” हा सरकारी खिडकीवरचा तोडगा सद्भावनेचा असला तरी अपुरा का पडतो, याचे उत्तर या इतिहासात आहे. ऐकणारे मूल शाळेत येण्यापूर्वीच हजारो मराठी वाक्ये कानांवाटे आत्मसात करते आणि मग तीच वाक्ये लिहायला शिकते. जन्मतः कर्णबधिर मुलासाठी लिखित मराठी ही कधीही न ऐकलेली दुसरी भाषा असते. ‘ने’, ‘ला’, ‘शी’, ‘हून’ हे प्रत्यय त्याच्या कानांत कधी रुळलेले नसतात. अशा नागरिकाच्या हातात “उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर फेरफार नोंदीबाबत हरकत असल्यास ती विहित मुदतीत सादर करावी” अशी नोटीस आली, तर ‘हरकत’ आणि ‘मुदत’ हे दोन शब्द ओळखता येऊनही हरकत कोणी घ्यायची आणि न घेतल्यास काय होईल, हे त्याला उमगेलच असे नाही. या मराठीपुढे ऐकणारा सुशिक्षित माणूसही अडखळतो, हे येथे मान्य केले पाहिजे. फरक इतकाच की तो शेजारच्या टेबलावर जाऊन विचारू शकतो.

मग काम भावावर, वडिलांवर किंवा सुनेवर येते. कुटुंबाचा आधार मोलाचा आहे, परंतु कुटुंबीयाला दुभाषी मानण्याची संस्थांची सवय ही या विषयातील सर्वांत गंभीर बाब आहे, कारण अनेकदा ज्याच्याविरुद्ध हक्क मागायचा असतो तोच अर्थ सांगायला बसलेला असतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वडिलोपार्जित जमिनीचे हक्कसोडपत्र नोंदवले जात असताना कर्णबधिर भावाला त्यातील मजकूर समजावून देणारी व्यक्ती ही त्या दस्ताचा लाभ मिळणारी दुसरी भावंडेच असतील, तर त्या अंगठ्याला किंवा सहीला संमती म्हणणे कठीण आहे. दवाखान्यातही हेच घडते. कर्णबधिर गर्भवतीची पाळी, वेदना, आधीचा गर्भपात यांविषयीचे प्रश्न डॉक्टर सासूकडे पाहून विचारतात, उत्तरे सासू देते आणि शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर मात्र सही त्या स्त्रीची घेतली जाते. तिच्या शरीराविषयी झालेल्या बोलण्यातले एक अक्षरही तिच्यापर्यंत आलेले नसते.

जमिनीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या हिंदू धर्मशास्त्रानुसार जन्मतः बहिऱ्या आणि मुक्या व्यक्तीला वारसाहक्कातून वगळले जात असे व तिला केवळ पोटगी मिळे. १९२८ च्या कायद्याने ही बंदी उठवली. म्हणजे कर्णबधिराला वाटणीतील हिस्सा मिळून जवळपास शंभर वर्षे झाली आहेत, तरी “त्याला काय कळते, त्याचे आम्ही पाहतो” हे वाक्य गावोगाव ऐकू येते आणि कार्यालयेही ते पुरेसे मानतात. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १३ मालमत्ता धारण करण्याचा, आर्थिक व्यवहार करण्याचा आणि इतरांप्रमाणेच कायदेशीर क्षमता उपभोगण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देते.

याच अधिनियमात, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. त्यात ‘भेदभाव’ या शब्दाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारण्याचा समावेश केलेला आहे. वाजवी सोय म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा म्हणून संस्थेने आपल्या नेहमीच्या पद्धतीत केलेला आवश्यक आणि झेपेल असा बदल. त्यामुळे सांकेतिक भाषेचा दुभाषी न देणारे कार्यालय दुर्लक्ष करते एवढेच म्हणून थांबता येत नाही. ती सोय वाजवी असेल तर ते कार्यालय कायद्याच्या अर्थाने भेदभाव करते. कलम १२ पुढे जाऊन सांगते की, साक्ष, युक्तिवाद किंवा मत दिव्यांग व्यक्तीच्या पसंतीच्या भाषेत आणि संवादाच्या पद्धतीत नोंदवण्याची साधने शासनाने व संबंधित प्राधिकरणांनी उपलब्ध करून द्यावीत. दुभाषी शोधण्याचे ओझे येथे नागरिकाच्या खांद्यावरून संस्थेच्या खांद्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे किमान निकष केवळ मार्गदर्शक न राहता बंधनकारक असले पाहिजेत असा निर्णय दिला.

फौजदारी प्रक्रियेतील बदल अधिक ठोस आहेत. दिव्यांग स्त्रीवरील लैंगिक अत्याचाराची तक्रार तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी, दुभाषी अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत आणि चित्रीकरणासह नोंदवावी, ही तरतूद २०१३ मध्ये झाली व ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कायम आहे. जुन्या साक्ष अधिनियमातील ‘मुका साक्षीदार’ हा शब्दप्रयोगही त्याच वर्षी बदलण्यात आला आणि त्याजागी ‘तोंडी बोलू न शकणारा साक्षीदार’ असे म्हटले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयात जे शक्य झाले ते तालुका न्यायालयात अशक्य मानण्याचे कारण नाही.

भाषा समजणारे कोणी असले तर काय घडू शकते, याचे महाराष्ट्राशी जोडलेले एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. लहानपणी पाकिस्तानात पोहोचलेली आणि तेथे एधी फाउंडेशनने सांभाळलेली कर्णबधिर गीता ऑक्टोबर २०१५ मध्ये भारतात परतली व इंदूरमध्ये राहू लागली. तिला ना आपले गाव लिहिता येत होते, ना आई-वडिलांची नावे. सांकेतिक भाषेच्या जाणकारांनी तिच्या खुणांमधून गावाच्या आठवणी धीराने गोळा केल्या, त्यावरून शोध मराठवाडा आणि तेलंगण यांच्या सीमाभागाकडे वळला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील कुटुंबाशी तिची ओळख पटल्याचे जाहीर झाले. तिच्याजवळ माहिती पहिल्या दिवसापासून होती. ती वाचू शकणारी माणसे मिळायला वर्षे लागली.

प्रत्येक गावात प्रशिक्षित दुभाषी नेमणे आज शक्य नाही, कारण अशा दुभाष्यांची संख्याच देशात फार कमी आहे. तथापि, व्हिडिओ कॉलमुळे एक दुभाषी शहरात बसून अनेक कार्यालयांना सेवा देऊ शकतो, आणि त्यासाठी लागणारा मोबाइल आज प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. तो साहित्यवाटपात किंवा थेट मदतीत खर्च होतो आणि ती मदतही गरजेची आहेच. परंतु त्याच निधीतून ग्रामसभेला दुभाषी लावण्याचा ठराव करायला ग्रामसभेला कोणी अडवलेले नाही. दवाखान्यात नावाऐवजी क्रमांकाची पाटी दाखवणे, ग्रामसभेची विषयपत्रिका साध्या मराठीत मोबाइलवर पाठवणे, डॉक्टरांनी मुखपट्टी खाली करून रुग्णाकडे पाहून बोलणे, १०८ किंवा पोलिसांना फोन करू न शकणाऱ्या घरांची नोंद आशा सेविकेकडे ठेवणे, यांपैकी कशालाही वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही.

ज्यांची अडवणूक झाली त्यांच्यासाठी मार्गही आहे. अधिनियमाच्या कलम २३ नुसार शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असणे आणि तक्रारीची चौकशी नोंदणीपासून दोन आठवड्यांत होणे बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे आणि पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जाता येते. लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान केल्यास कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कारावास होऊ शकतो.

कोऱ्हाळे बुद्रुक असो वा इंदापूर तालुक्यातील एखादी वाडी, येत्या ग्रामसभेपूर्वी वाचकांनी एवढे करावे: आपल्या आळीत कर्णबधिर मतदार असेल तर सभेची सूचना त्याच्या हाती लेखी पडली का ते पाहावे, आणि पडली नसेल तर त्याच्यासह ग्रामपंचायतीत जाऊन दुभाष्याच्या मागणीचा अर्ज त्याच्याच सहीने द्यावा व त्याची पोच घ्यावी.