टोकाचं पालुपद

"फोन ठेव. अरे, फोन ठेव!" आईचं हे रोजचंच असतं ना? मग आपण म्हणतो, "झालं, आईचं पालुपद सुरू!" पालुपद म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ.

तुमच्या डीएनएमध्येही एक पालुपद आहे. डीएनए हा ए, सी, जी, टी या चारच अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. तो गुणसूत्रांमध्ये असतो. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना 'टीटीएजीजीजी' ही सहा अक्षरं शेकडो वेळा येतात. पेशीची विभागणी होताना टोक थोडं झिजतं. पण झिजतं ते फक्त पालुपद. आतला मजकूर शाबूत राहतो.

आता गंमत बघा. कांजिण्यांचा विषाणू ज्या हर्पीस कुटुंबातला, त्याच कुटुंबात एचएचव्ही-६ नावाचा विषाणू आहे. तान्ह्या बाळांना कधीकधी तीन-चार दिवस ताप येतो आणि ताप उतरला की अंगावर पुरळ उठतं. ते बहुधा याचंच काम. १९९५ साली उर्सुला गॉम्पेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्या एका प्रकाराचा संपूर्ण डीएनए प्रसिद्ध केला. त्यात १,५९,३२१ अक्षरं आहेत. आणि टोकांजवळ काय? तेच टीटीएजीजीजी!

हा विषाणू आपल्या गुणसूत्राच्या टोकाला जाऊन जोडला जातो. फार पूर्वी कुणाच्या तरी बीजपेशीत असं घडलं, आणि जन्मलेल्या बाळाच्या प्रत्येक पेशीत विषाणू आला. ब्रिटनमध्ये साधारण शंभरात एकाला तो असा वारशाने मिळालेला असतो. आई-बाबांपैकी एकाकडे असेल, तर मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. आजीचे डोळे, आजोबांचं नाक आणि वर हा पाहुणा!

बऱ्याच जणांना तो आहे हे कळतही नाही. घोळ होतो तो हॉस्पिटलमध्ये. रक्ताच्या तपासणीत विषाणू भरमसाट दिसतो आणि डॉक्टरांना वाटतं, मोठा संसर्ग झालाय. त्यावरची औषधं साधी नाहीत, मूत्रपिंडांना किंवा रक्तपेशींना त्यांचा त्रास होऊ शकतो. अशा वेळी केसाचं मूळ तपासता येतं. वारशाने आलेला विषाणू तिथेही सापडतो, नेहमीच्या संसर्गातला सापडत नाही. एक केस उपटायचा, बस्स!

मग हा पाहुणा कायम गप्पच बसतो का? लेस्टर विद्यापीठात निकोला रॉयल यांच्या गटाने ही टोकं मोजली. विषाणू असलेलं टोक बरेचदा आखूड निघालं. आणि तिथून विषाणू सुटून बाहेर पडू शकतो, असंही त्यांना दिसलं.