उंदी, रंड, मुंद... आणि आजी हसली!

माझी रूममेट मूळची गडचिरोलीची. रत्नागिरीत बँकेत नोकरी करते. रोज रात्री नऊ वाजले की हिच्या आजीचा फोन ठरलेला. गंमत म्हणजे आजी गोंडीत बोलणार आणि ही मराठीत उत्तर देणार!

एकदा न राहवून विचारलंच, 'तू का नाही गं गोंडीत बोलत?'

'समजतं सगळं, पण तोंडातून येत नाही. दोनला आम्ही रंड म्हणतो. शाळेत नुसते आकडे म्हटले तरी अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. मग सोडूनच दिलं.' मग हळूच म्हणाली, 'आजी गेली की आमच्या घरातली गोंडी संपली.'

झालं! त्याच रात्री आमचं 'मिशन गोंडी' सुरू झालं. फ्रेंच, कोरियन शिकवणारी ॲप्स पैशाला पासरी. डुओलिंगोवर तर २०१८ पासून अमेरिकेतल्या मूलनिवासींची नावाहो भाषासुद्धा आहे. मग गोंडीचं काय? २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख भरले, म्हणजे भाषा काही छोटी नाही.

शोधता शोधता 'आदी वाणी' सापडलं. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाचं हे ॲप सप्टेंबर २०२५मध्ये बीटा स्वरूपात आलं. आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने बनलेल्या या ॲपची सुरुवात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या चार भाषांनी झाली. हिंदी किंवा इंग्रजी वाक्य द्यायचं, ते गोंडीत मिळतं. पण लक्षात ठेवा, हा दुभाषी आहे, मास्तर नाही. शिवाय यातली गोंडी छत्तीसगडची, आणि गोंडी तर दर काही कोसांवर बदलते.

म्हणून आम्ही एक फंडा काढला. दिवसाला पाचच शब्द. ते आधी ॲपवर बघायचे आणि रात्री आजीला ऐकवायचे. आजी म्हणेल तोच उच्चार फायनल! तो लगेच फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचा. गोंडी द्राविडी कुळातली, त्यामुळे ऑफिसातल्या तेलुगू मित्राचे रेंडु, मूडु, नालुगु ऐकले आणि आमचे रंड, मुंद, नालुंग पटकन पाठ झाले.

परवा व्हिडिओ कॉलवर रूममेटने आजीला एक ते पाच मोजून दाखवलं. रंड म्हणताना क्षणभर अडखळली, पण म्हणाली. आजी हसली. पण हे हसणं त्या वर्गातलं नव्हतं.

आता माझी पाळी. आमच्या कोकणात कातकरी आहेत, त्यांची स्वतःची बोली आहे. आजवर त्यातला एक शब्दही मी कुणाला विचारला नव्हता. त्या चार भाषांत कातकरी नाही. पण विचारायला ॲप कशाला हवं?