पगार महिन्याचा नको, तासाचा विचारा

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी जर्मन भाषेच्या क्लासची चौकशी करणारी मुलं-मुली वाढली आहेत. कारण उघड आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुटेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि तेव्हापासून "तिकडे महिन्याला अडीच लाख मिळतात" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यातल्याच एका मुलाचे वडील सिक्युरिटी गार्ड आहेत. बारा तासांची ड्युटी, महिन्याचे तीसही दिवस, हातात पंधरा हजार. मुलाने आम्हाला विचारलं, "तिकडचा माणूस माझ्या वडिलांपेक्षा असं काय वेगळं करतो?" त्या प्रश्नावर आम्ही फळ्यावर जे गणित मांडलं, तेच इथे देत आहोत.

आधी तास. बारा तास गुणिले तीस दिवस म्हणजे ३६० तास. पंधरा हजाराला ३६० ने भागलं की तासाचे ४२ रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. जर्मनीत किमान वेतन ठरतंच तासावर. तिथे देशव्यापी किमान वेतनाचा कायदा २०१५ साली लागू झाला, तेव्हा दर होता ताशी ८.५० युरो. जानेवारी २०२६ पासून तो १३.९० युरो आहे. सोयीसाठी एका युरोला १०० रुपये धरले, तर तासाचे १,३९० रुपये. म्हणजे ३३ पट.

पण हा ३३ आकडा फसवा आहे. जर्मनीत घरभाडं, केस कापणं, बसचं तिकीट सगळंच महाग. क्रयशक्तीच्या हिशोबाने एका युरोत तिथे जेवढं येतं, तेवढं आपल्याकडे साधारण २८ रुपयांत येतं. त्या हिशोबाने तिथला तास सुमारे ३९० रुपयांचा होतो. शिवाय कर, आरोग्य विमा, पेन्शन यांसाठी पगारातून पाव हिश्शाहून जास्त कापलं जातं (त्या बदल्यात दवाखान्याची चिंता बरीच मिटते, हेही खरं). तरीही कपातीआधीचा फरक नऊ पट उरतोच. अडीच लाख ऐकून निघणाऱ्याने हा नऊचा आकडा डोक्यात ठेवावा, ३३ चा नाही. मात्र ज्या वस्तूची किंमत जगभर जवळपास सारखीच असते, तिथे ३३ च खरा ठरतो. पंधरा हजारांचा मोबाईल घ्यायला त्या मुलाच्या वडिलांना ३६० तास, म्हणजे पूर्ण महिना लागतो. जर्मनीतल्या किमान वेतनावरच्या कामगाराला कपात धरूनही दीड-दोन दिवस.

आता कामाच्या वेळा. जर्मनीच्या १९९४ च्या कायद्यात दिवसाचे आठ तास ही मर्यादा आहे. दहापर्यंत वाढवता येतात, पण सहा महिन्यांची सरासरी आठवरच यावी लागते. दोन ड्युट्यांमध्ये सलग अकरा तास विश्रांती आणि वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा. तिथला कामगार वर्षाला सरासरी १,३४० तासांच्या आसपास काम करतो. भारतात आठवड्याची सरासरी ४६-४७ तास आहे, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे निम्म्याहून अधिक कामगार ४९ तासांच्या वर राबतात. इथे एक सावधगिरी हवी. जर्मनीची सरासरी इतकी खाली येते, कारण तिथे अर्धवेळ काम करणारे खूप आहेत, आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया. त्यांचं घरचं काम त्या १,३४० तासांत मोजलेलं नाही. आपल्याकडेही तेच. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या भारतीय स्त्रीचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. गार्डची ड्युटी बारा तासांची, पण पहाटे चारला त्याचा डबा करणारीची ड्युटी कुठल्याच रजिस्टरात नाही.

"ते लोक कार्यक्षम आहेत, म्हणून त्यांना जास्त मिळतं" हे उत्तर आम्ही कॉलेजातही ऐकलं आणि कारखानदारांकडूनही. मोटारीच्या कारखान्यात ते काही अंशी पटतं; तिथे कामगाराच्या हाताखाली मोठी यंत्रं असतात. पण कचरा उचलणाऱ्याचं काय? जर्मनीत नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या सामूहिक करारात आठवड्याचे ३९ तास आणि वर्षाला ३० दिवस रजा आहे. सफाई कामगारही त्या करारात येतात. आपल्याकडे हेच काम बहुतेक शहरांत कंत्राटदाराच्या हातात गेलं आहे आणि ते कोणत्या जाती करतात हे या वाचकांना सांगायला नको. फरक कचऱ्याच्या वजनात नाही. तिथे करारावर सही करताना समोर संघटना बसलेली असते, आणि ते काम एखाद्या जातीच्या माथी मारलेलं नाही.

तिथेही हे आपोआप मिळालं नाही. आठ तासांचा दिवस १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये, राजा पायउतार झाल्यावर, संघटना आणि मालक यांच्या करारातून आला. १९५६ मध्ये कामगार संघटनांनी शनिवारच्या सुट्टीसाठी मोहीम काढली. पोस्टरवर एक लहान मूल होतं, शनिवारी बाबा माझे आहेत असं सांगणारं. १९८४ मध्ये धातू उद्योगातल्या कामगारांनी ३५ तासांच्या आठवड्यासाठी काही आठवडे संप केला, तेव्हा ४० चे साडेअडतीस झाले. ३५ तास प्रत्यक्षात यायला १९९५ उजाडलं. आणि जिथे संघटना नव्हती तिथे जर्मनीतही आपल्यासारखंच चाललं. मांस कारखान्यांत पूर्व युरोपातून आणलेले कंत्राटी कामगार खच्चून भरलेल्या खोल्यांत राहत. २०२० मध्ये तिथे कोरोना पसरला, तेव्हा देशाला ते दिसलं. २०२१ पासून त्या उद्योगात मुख्य कामासाठी कंत्राटी पद्धत बंद झाली आणि हजेरीची वेळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवणं सक्तीचं झालं. जाणाऱ्या मुलांनी हे विसरू नये.

आपल्याकडे बाबासाहेबांनी चौदाचे आठ तास केले, असा मजकूर दर १ मे रोजी फिरतो. खरा तपशील त्याहून अभ्यासण्यासारखा आहे. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तासांची मुभा होती. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४६ मध्ये दुरुस्ती विधेयक मांडलं, त्यातून ४८ तास झाले आणि जादा कामाला दुप्पट दर आला. तास कमी करणं आणि जादा तास मालकाला महाग पडणं या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र धरल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ कागदावर कायम आहेत, त्यापुढे ओव्हरटाइम. पण दुप्पट दर ज्याला आजच मिळत नाही, त्याला बाराव्या तासाचा मिळेल यावर आमचा विश्वास नाही.

तो दर किती मोठा असतो, हे शेवटी त्या मुलालाच काढायला लावलं. पंधरा हजार हा २६ दिवस, रोज आठ तास अशा २०८ तासांचा पगार धरला, तर तासाचे ७२ रुपये. उरलेले १५२ तास दुप्पट दराने, म्हणजे १४४ रुपयांनी. ते झाले जवळपास २१,९०० रुपये. दर महिन्याला. सगळी नऊ पट तफावत यातून भरत नाही, पण यासाठी जर्मनीला जावं लागत नाही.

मुलगा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. पुढच्या रविवारी तो वडिलांना घेऊन आला. आम्ही त्यांना दोनशे पानी वही दिली आहे: रोज येण्याची आणि जाण्याची वेळ स्वतःच्या अक्षरात, ड्युटी रजिस्टरचा मोबाईलवर फोटो, पगार बँकेत आला की नोंद. किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे त्या दोन महिन्यांत नवा दर कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर पाहून पहिल्या पानावर लिहायचा. वहीत आता सात आठवडे भरले आहेत. त्यांच्याच साइटवरच्या आणखी दोन गार्डांनी वही मागितली आहे.