दमनकाचे पुनर्लेखन

पशुकथेतील खलपात्र म्हटले की कोल्हा, आणि कोल्हा म्हटला की लबाडी, हे समीकरण आपल्या मनात लहानपणापासून रूढ झालेले असते. त्यामुळे कथाकाराचे काम सोपे होते खरे. पण खलपात्र मात्र दुबळे होते. ज्याच्या जातीनेच त्याचा स्वभाव ठरविला, त्याने दुसऱ्यास का फसविले, कसे फसविले आणि फसणारा का फसला, हे प्रश्न तेथे उपस्थितच होत नाहीत. बालवाचनासाठी केलेल्या पंचतंत्राच्या संक्षेपांत दमनकाची पुष्कळदा अशीच गत झालेली दिसते. एक दुष्ट कोल्हा सिंहाचे व बैलाचे कान भरतो, दोघे झुंजतात, बैल मरतो आणि गोष्ट संपते. अशा पात्राचे पुनर्लेखन करावयाचे झाल्यास काय करावे लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो करताना एक ऐतिहासिक उदाहरण आपल्या हाताशी आहे. दमनकाचे पुनर्लेखन इसवी सनाच्या आठव्या शतकात एकदा होऊन गेलेले आहे.

प्रथम मूळ संस्कृत कथेकडे वळू. पूर्णभद्र या जैन मुनीने इ. स. ११९९ मध्ये सिद्ध केलेल्या पाठात, आणि त्याहून जुन्या तंत्राख्यायिकेतही, दमनक हा केवळ दुष्ट नाही. तो अधिकारभ्रष्ट आहे. मंत्र्याच्या कुळात जन्मूनही त्याच्या वाट्यास राजाच्या मागे मागे फिरून उष्ट्यावर जगणे आले आहे. यमुनातीरी पाणी पिण्यास आलेला पिंगलक एका अपरिचित डरकाळीने दचकतो आणि आपले भय लपवून बसतो. ते भय प्रथम दमनकाच्याच लक्षात येते. संपूर्ण कथेची किल्ली येथे आहे असे मला वाटते. राजाजवळ जाण्याची वाट त्याच्या पराक्रमातून नव्हे, तर त्याच्या लपविलेल्या भीतीतून जाते, हे दमनकाने ओळखले. करटक त्यास वेळीच परावृत्त करू पाहतो व पाचर उपटणाऱ्या वानराची गोष्ट सांगतो. पण हातची संधी सोडणे दमनकाच्या स्वभावात नाही.

पुढचा भाग संक्षेपकार बहुधा गाळतात, आणि तेथेच पात्राचा कणा मोडतो. पिंगलक आणि संजीवक यांची मैत्री दमनकानेच घडवून आणलेली असते. या मैत्रीत रमलेला सिंह शिकार सोडतो, परिवार उपाशी राहू लागतो, आणि मैत्री जुळविणारा पुन्हा होता तेथेच येऊन पडतो. ही आपत्ती आपणच ओढवून घेतली, अशी कबुली तो करटकाजवळ देतो आणि स्वतःच्या दोषाने बुडालेल्यांच्या कथा सांगतो. आपण बांधलेले आपणच मोडावयाचे, हा त्याचा पेच आहे. हा पेच काढून टाकला की उरतो तो निव्वळ कळलाव्या.

त्याच्या कपटाची रीतही बारकाईने पाहण्याजोगी आहे. तो सिंहाला सांगतो की बैल शिंगे रोखून येईल तेव्हा त्याचा हेतू ओळखावा; बैलाला सांगतो की सिंह डोळे लाल करून, अंग आवळून बसलेला दिसला तर समजून असावे. दोघेही भ्यालेले, भ्यालेला प्राणी आपल्या रक्षणासाठी जो पवित्रा घेतो, तोच दुसऱ्याला आक्रमणाचा वाटतो. म्हणजे दमनकाने सांगितलेली खूण भेटीच्या क्षणी खरीच ठरते! असत्य सांगून ते सत्य करून दाखविण्याचे काम त्याने दोन्ही बळींकडूनच करवून घेतले. खलपात्राच्या अंगी मोहिनी, वक्तृत्व किंवा अमानुष बुद्धी आहे असे लेखकाने नुसते सांगून भागत नाही. त्याचे शब्द ज्या जमिनीत रुजतात ती जमीन दाखवावी लागते. पंचतंत्रकाराने ती दाखविली आहे.

आता पुनर्लेखनाविषयी. खुश्रू अनुशीरवान (५३१–५७९) याच्या काळी बुर्झोय याने हा ग्रंथ पहलवीत नेला. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. त्यावरून इब्न अल्-मुकफ्फा या इराणी वंशाच्या लेखकाने आठव्या शतकाच्या मध्यास अरबी ‘कलीला व दिम्ना’ रचले. करटकाचा कलीला झाला, दमनकाचा दिम्ना. संस्कृतात शेवटी सिंह हळहळतो, दमनक त्यास राजनीतीच्या आधाराने सांत्वन देतो आणि पुन्हा मंत्रिपदावर बसतो. अरबी ग्रंथात मात्र यानंतर एक स्वतंत्र प्रकरण येते : दिम्नाची चौकशी. पहलवीवरूनच सुमारे ५७० मध्ये केलेल्या सुरियानी भाषांतरात हे प्रकरण नाही. त्या भाषांतराचे हस्तलिखित १८७० मध्ये मार्दीन येथे आढळले आणि १८७६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यामुळे हे प्रकरण इब्न अल्-मुकफ्फाची स्वतःची भर असावी, असे विद्वान सामान्यतः मानतात.

या भरीची प्रेरणा वाचकाच्या मनातील असमाधान ही होय, आणि ग्रंथकाराने ती लपविलेली नाही. प्रकरणाच्या आरंभी राजाच तत्त्वज्ञाला विचारतो की दिम्नाचे पुढे काय झाले. दुष्टास शासन झाले पाहिजे, ही साधी मागणी. मात्र नुसत्या शासनाने पात्र सखोल होत नाही. दिम्नाला शेवटी देहदंड मिळतो म्हणून तो दमनकाहून अधिक जिवंत वाटतो, असे मुळीच नाही. या प्रकरणाचे मोल वेगळ्याच ठिकाणी आहे. कानात सांगितलेल्या गोष्टीला पुरावा कोठून आणावयाचा? दिम्नाने कोणावर पंजा उगारलेला नाही. भर दरबारात तो निर्भयपणे बोलतो आणि सभा निरुत्तर होते. एक अधिकारी त्याच्या चेहऱ्यावरील लक्षणांवरून त्याचे दुष्टपण सिद्ध करू पाहतो. तेव्हा दिम्ना उत्तरतो की शरीराच्या खुणांनीच वर्तन ठरत असेल तर कोणाला दोष देता येणार नाही आणि कोणाची स्तुतीही करता येणार नाही. कोल्हा म्हणून लबाड, या समीकरणास पशुकथेतच दिलेले हे उत्तर आहे, आणि ते खलपात्राच्या तोंडी आहे. याहून धीट पुनर्लेखन मला तरी ठाऊक नाही.

अखेर निर्णय होतो तो दोन साक्षींवर. एका रात्री कलीला दिम्नाची कानउघाडणी करीत असता चित्त्याने ती बाहेरून ऐकलेली असते. तुरुंगातील दुसऱ्या एका श्वापदानेही त्या दोघांचे बोलणे ऐकलेले असते, पण एकट्याची साक्ष पुरेशी नाही म्हणून ते गप्प राहिलेले असते. कथाकाराने येथे योगायोगाचा आधार घेतला, हा दोष आहेच. मात्र ज्या संभाषणांनी दिम्ना अडकतो ती त्याच्या एकुलत्या एका मित्राशी झालेली आहेत. सर्वांशी खोटे बोलणारा एका ठिकाणी खरे बोलत होता, आणि तेथेच सापडला. कलीला तर त्याआधीच दुःखाने मरून गेलेला असतो. संस्कृतातील करटक हा उपदेश करणारा सोबती आहे. अरबीत त्या सोबतीची किंमत दोघांनाही मोजावी लागते.

एक उणीव मात्र राहून गेली आहे, आणि नव्या लेखकाला हात घालण्यास तेथे जागा आहे. बैलाला मारले ते सिंहाच्या पंजांनी. सिंह पश्चात्तापाने व्याकूळ आहे, त्याची माता दिम्नाच्या शासनासाठी आग्रह धरते. तथापि यमुनातीरी पहिल्यांदा लपविलेल्या त्या भीतीविषयी चौकशीत सिंहाला कोणीही प्रश्न विचारीत नाही.