परिषद वर्गात भरवताना : तयारी कशाची करायची?

एखादी ऐतिहासिक परिषद वर्गात पुन्हा भरवायची असेल, तर मुलांची तयारी कशी करून घ्यायची, याबद्दल आज थोडं बोलू.

उदाहरण १९१९च्या पॅरिस शांतता परिषदेचं घेऊ. ती सगळी काही वर्गात मावत नाही. म्हणून मी एकच बैठक निवडायचो : ११ एप्रिलची, राष्ट्रसंघाचा करारनामा तयार करणाऱ्या आयोगाची. जपानच्या माकिनो नोबुआकी यांनी मागणी केली, की राष्ट्रांची समानता आणि त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक हे तत्त्व करारनाम्यात घाला. १७ पैकी ११ मतं बाजूने पडली. अध्यक्ष होते अमेरिकेचे विल्सन. ते म्हणाले, एकमत नाही, तेव्हा प्रस्ताव नामंजूर.

तयारीचा पहिला नियम : १० एप्रिलच्या रात्रीपर्यंत जे ठाऊक होतं, तेवढंच वापरायचं. पुढचं महायुद्ध आपल्याला माहीत आहे, त्यांना नव्हतं. शेवट कळल्यावर शहाणं होणं सोपं असतं, बरं का!

दुसरं : प्रत्येकानं तीन गोष्टी लिहून आणायच्या. माझ्या देशाला काय हवंय, काय सोडता येणार नाही, आणि घरी गेल्यावर मला कोणाला तोंड द्यायचंय. तिसरी गोष्ट मुलं हमखास विसरतात. विल्सनना करार अमेरिकेच्या सिनेटपुढे न्यायचा होता. ब्रिटनच्या सेसिल यांच्यावर ऑस्ट्रेलियाच्या ह्यूज यांचा दबाव होता, कारण ऑस्ट्रेलियाला गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ द्यायचं नव्हतं.

तिसरं : आपल्याच बाजूची विसंगती माहीत हवी. जपान झालेला मुलगा ऐटीत यायचा. त्याच्या हातात मी एक कागद द्यायचो : १ मार्चपासून कोरियात स्वातंत्र्याचं आंदोलन चालू आहे आणि जपान ते चिरडतोय. आता बोल!

एकदा विल्सन झालेली मुलगी म्हणाली, "सर, हे माझ्या तोंडून निघत नाही." मी म्हटलं, "तुला पटायला हवं असं नाही. पण विल्सनना ते बोलणं कसं जमलं, ते शोध." तिनं निर्णय दिला. वर्ग गप्प झाला. मग मी तिला माकिनोंच्या खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, आता त्या निर्णयाला तूच उत्तर दे.

एखाद्याची बाजू समजून घेणं म्हणजे तिचं समर्थन करणं नव्हे. हा फरक मी तत्त्वज्ञानाच्या तासाला अनेकदा सांगितला. त्या मुलीला तो खुर्ची बदलल्यावर कळला. म्हणून परिषदेनंतरचा एक पूर्ण तास खुर्च्या बदलून बोलण्यासाठी राखून ठेवा. तो कापू नका.