पुरःस्थ ग्रंथीची वाढ आणि औषधांतील सावधगिरी

साठीच्या आसपास पोचलेल्या पुरुषांच्या तक्रारींत एक तक्रार अशी असते की, तिचा उच्चार शक्य तितका लांबणीवर टाकला जातो. रात्री तीनचारदा उठावे लागते, लघवीची धार बारीक होते, मूत्राशय पुरते रिकामे झाल्याचे समाधान लाभत नाही. प्रवासाला निघताना वाटेत सोय कुठे आहे, हाच विचार प्रथम मनात येतो. गुडघ्याचे दुखणे चारचौघांत सांगता येते, रक्तदाबाची चर्चा तर बागेतल्या बाकावर रोज रंगते. या व्याधीविषयी मात्र मनुष्य घरच्या माणसांपाशीही मोकळेपणाने बोलत नाही. अखेर धीर करून तो डॉक्टरांकडे जातो, औषध मिळते, आरामही पडतो. मग व्याधी जशी लपविली होती, तसेच औषधही लपविले जाते. ही औषधे गुणकारी आहेत आणि योग्य रीतीने घेतल्यास बव्हंशी निर्धोकही आहेत. त्यांच्यापासून जे अपाय घडतात, त्यांतील पुष्कळांचे मूळ या मौनात सापडते.

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे बोलण्यात रूढ असलेली प्रोस्टेट, ही केवळ पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला तिने वेढलेले असते. तारुण्यात तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन सुमारे २० ग्रॅम असते. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या प्रकारांत वाताष्ठीलेचे वर्णन आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. मार्गात धोंडा अडकावा तसा हा अवरोध असतो, ही कल्पना त्या नावात आहे. चाळिशीनंतर ही ग्रंथी वाढू लागते. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसून येते आणि ऐंशीच्या पुढे तर ती बहुतेकांत आढळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. तथापि दोन्ही एकाच ग्रंथीत एकाच वेळी असू शकतात. शिवाय मधुमेह, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, मूत्राशयातील खडा यांची लक्षणेही पुष्कळशी अशीच असतात. म्हणून औषधाच्या आधी तपासणी व्हावी लागते, आणि म्हणूनच शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी स्वतः आणून घेणे हा शहाणपणा ठरत नाही.

वाढलेल्या ग्रंथीमुळे अडथळा होतो तो दोन कारणांनी. एक तर तिचा आकारच मार्गावर दाब आणतो. दुसरे म्हणजे ग्रंथीतील आणि मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू आवळलेले राहतात. औषधांचे दोन मुख्य वर्ग या दोन कारणांना अनुसरूनच झाले आहेत. पहिला वर्ग स्नायू सैल करतो, दुसरा ग्रंथीचा आकार कमी करतो.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांना अल्फा-ब्लॉकर म्हणतात. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन ही त्यांतील नावे. यांचा गुण काही दिवसांतच जाणवू लागतो. पण ज्या जातीचे स्नायू या ग्रंथीत आहेत, त्याच जातीचे स्नायू रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतात. तेथेही थोडी शिथिलता आली की रक्तदाब उतरतो. पडून असलेला मनुष्य एकदम उभा राहिला, तर मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो. हा धोका पहिल्या मात्रेनंतर, मात्रा वाढविल्यानंतर, आणि काही दिवस खंड पडून औषध पुन्हा सुरू केल्यावर विशेष असतो. टेराझोसिन व डॉक्साझोसिन ही मुळात रक्तदाबासाठी वापरात आलेली औषधे. म्हणून ती १ मिलिग्रॅमपासून, बहुधा रात्री निजताना, सुरू करतात आणि हळूहळू वाढवितात. त्यांत अनेक दिवसांचा खंड पडला, तर पूर्वीच्याच मोठ्या मात्रेने आरंभ करू नये. डॉक्टरांना विचारून पुन्हा लहान मात्रेपासून चढत जावे.

वृद्धाचे रात्रीचे पडणे ही सामान्य गोष्ट नाही. खुब्याचे हाड मोडले की चालता-फिरता मनुष्य महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. ज्या व्याधीमुळे रात्री उठावे लागते, तिच्याच औषधामुळे उठताना तोल जावा, हा प्रसंग टाळणे मात्र अगदी सोपे आहे. जाग आल्यावर दिवा लावावा, बिछान्याच्या काठावर पाय सोडून मिनिट-दोन मिनिटे बसावे, मग आधार धरून उठावे. घेरी आल्यास लाज न बाळगता तेथेच खाली बसावे किंवा आडवे व्हावे. मद्य, फार कढत पाण्याचे स्नान आणि उन्हाळ्यातील पाण्याची तूट या गोष्टी रक्तदाब आणखी उतरवितात, याचे भान ठेवावे. रक्तदाबाच्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर डॉक्टरांना त्यांची नावे सांगितलीच पाहिजेत. मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार असल्यास तोही सांगावा. त्यावर औषधाची निवड आणि मात्रा अवलंबून असते.

जेवणाची वेळ ही या औषधांच्या बाबतीत गौण गोष्ट नाही. टॅमसुलोसिन सामान्यतः ०.४ मिलिग्रॅम, रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घेतात. रिकाम्या पोटी घेतल्यास ते रक्तात अधिक चढते आणि घेरीचा संभव वाढतो. अल्फुझोसिनचे उलट आहे: उपाशीपोटी ते निम्मेच शोषले जाते आणि गुण कमी येतो. एकादशी वा संकष्टी पाळणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी गोळी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. उपास घडला म्हणून गोळी पहाटे उपाशीपोटी उरकून टाकणे बरे नव्हे. यांतील कित्येक गोळ्या आतील औषध सावकाश सुटावे अशा रीतीने बनविलेल्या असतात. त्या कुटून, चावून किंवा कॅप्सूल उघडून घेतल्यास दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. गिळण्यास त्रास होत असेल, तर तसे सांगून दुसरे औषध मागावे.

याच वर्गासंबंधीची एक महत्त्वाची गोष्ट डोळ्यांच्या शस्त्रक्रियेतून उघडकीस आली. २००५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड चँग व जॉन कॅम्पबेल या नेत्रशल्यविशारदांनी दाखवून दिले की, टॅमसुलोसिन घेणाऱ्या काही रुग्णांत मोतीबिंदू काढताना डोळ्यातील बुबुळाचा पडदा ढिला पडून हेलकावे खातो आणि विस्फारून ठेवलेली बाहुली मधेच आकुंचन पावते. बाहुली विस्फारणारा स्नायूही याच औषधाच्या आटोक्यात येतो, हे त्याचे कारण. शल्यविशारदाला आधी ठाऊक असेल, तर तो आपली हत्यारे व पद्धती त्याप्रमाणे योजतो आणि शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते. ठाऊक नसेल, तर डोळ्याला इजा होण्याची भीती असते. शस्त्रक्रियेपूर्वी औषध थांबविल्याने हा धोका हमखास टळत नाही. पूर्वी कधी घेतलेल्या औषधाचाही परिणाम उरलेला आढळतो. मोतीबिंदू आणि प्रोस्टेटची वाढ हे एकाच वयाचे सोबती. नेत्ररुग्णालयात औषधांची यादी विचारली जाते, तेव्हा ‘डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध?’ असे मनाशी म्हणून एक नाव गाळले जाते. आणि नेमके तेच नाव तेथे सांगण्याजोगे असते.

दुसऱ्या वर्गातील औषधांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या काही खेड्यांत अशी मुले आढळली की, ती जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषत्वाची चिन्हे प्रकट होत. ज्युलियन इंपेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी स्वरूपात रूपांतर करणारे एक द्रव्य त्यांच्या शरीरात कमी होते, आणि मोठेपणीही त्यांची पुरःस्थ ग्रंथी लहानच राहिली होती. ते रूपांतर औषधाने रोखता आले तर ग्रंथी आक्रसेल, हा विचार पुढे फळाला आला आणि १९९२ साली फिनास्टेराइड अमेरिकेत मान्य झाले. ड्युटास्टेराइड त्यानंतरचे. पहिल्याची रोजची मात्रा ५ मिलिग्रॅम, दुसऱ्याची ०.५ मिलिग्रॅम.

या औषधांना धीर लागतो. पुरता गुण दिसण्यास सहा महिने वा अधिक काळ जातो. महिनाभरात फरक पडला नाही म्हणून ती टाकून देणे म्हणजे बी पेरून आठवड्याने शेत नांगरणे होय. उलट, बरे वाटले म्हणून बंद केल्यास ग्रंथी पुन्हा वाढीस लागते. मोठ्या ग्रंथीच्या रुग्णांना दोन्ही वर्ग एकत्र देण्याची पद्धत आहे. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ३,०४७ पुरुषांवर सरासरी साडेचार वर्षे चाललेल्या अभ्यासात डॉक्साझोसिन व फिनास्टेराइड एकत्र दिल्याने, औषधाविना राहिलेल्यांच्या तुलनेने, व्याधी बळावण्याचा संभव ६६ टक्क्यांनी घटला.

या वर्गाबाबत चार गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, कर्करोगाच्या शोधासाठी पीएसए नावाची जी रक्ततपासणी करतात, तिचा आकडा ही औषधे सुमारे निम्म्यावर आणतात. डॉक्टरांना औषध ठाऊक नसेल, तर फसवा आकडा निर्धास्त करील. केस गळू नयेत म्हणून तरुण मंडळी १ मिलिग्रॅमचे फिनास्टेराइड घेतात, त्यांनाही हे लागू आहे. दुसरी, गर्भवतीच्या उदरातील मुलग्याच्या वाढीस या द्रव्यांपासून अपाय संभवतो. घरात गर्भवती सून वा लेक असेल, तर तिने फुटलेली गोळी किंवा पाझरणारी कॅप्सूल हाताळू नये. तिसरी, याच कारणास्तव फिनास्टेराइड थांबविल्यावर एक महिना आणि ड्युटास्टेराइड थांबविल्यावर सहा महिने रक्तदान करू नये. चौथी, कामेच्छा मंदावणे, स्तनाशी सूज वा दुखणे, मन खिन्न राहणे असे परिणाम काहींना होतात. स्तनात गाठ लागल्यास विलंब न करता दाखवावे. वयाचा परिणाम म्हणून हे सारे निमूट सोसण्याचे कारण नाही. सांगितल्यास मार्ग निघतो.

टॅडालाफिल हे तिसऱ्या जातीचे औषध. २०११ पासून अमेरिकेत ५ मिलिग्रॅमच्या रोजच्या मात्रेत या व्याधीसाठीही ते मान्य आहे. त्याचा हृदयरोगावरील नायट्रेट जातीच्या औषधांशी उभा दावा आहे. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी कित्येक घरांत जपून ठेवलेली असते, ती याच जातीची. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब एकाएकी घातक पातळीवर उतरू शकतो. टॅडालाफिलनंतर निदान ४८ तास तरी नायट्रेट देत नाहीत. मध्यरात्री छातीत दुखू लागते, तेव्हा गोळी शोधणारा हात पत्नीचा किंवा मुलाचा असतो. त्यांना टॅडालाफिलची गोष्ट माहीत नसेल, तर जीव वाचविण्याच्या हेतूने केलेली कृतीच जिवावर बेतावयाची. अशा रुग्णाने हे घरी सांगणे अत्यावश्यक आहे, आणि इस्पितळात पोचताच घरच्यांनी ते तेथे सांगितले पाहिजे.

काही औषधे या व्याधीवरची नसतात, पण तिला चिथावतात. सर्दीच्या साध्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन वा स्यूडोएफेड्रिन असते. त्याने मूत्राशयाचे मुख आवळते. त्याच गोळीतील क्लोरफेनिरामिन मूत्राशयाची ढकलण्याची शक्ती मंदावते. पोटातील मुरड्यावरचे डायसायक्लोमिन व काही झोपेच्या गोळ्या यांचाही परिणाम तसाच. जेमतेम चालू असलेला प्रवाह अशा एखाद्या गोळीने पार अडू शकतो. म्हणून सर्दीचे औषध घेतानाही दुकानदाराला प्रोस्टेटविषयी सांगावे. अल्फा-ब्लॉकर घेणाऱ्याला बुरशीवरचे किटोकोनॅझोल किंवा जंतुसंसर्गावरचे क्लॅरिथ्रोमायसिन दिले गेल्यास पहिल्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. तेथेही आधी विचारणे हिताचे. वनस्पतिजन्य म्हणून निर्धास्तपणे घेतल्या जाणाऱ्या सॉ पामेटोची २००६ व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काटेकोर परीक्षा झाली. निव्वळ दिखाऊ गोळीपेक्षा त्याचा अधिक उपयोग दिसला नाही.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे. एकच औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. पुण्याचे निवृत्त गृहस्थ काही महिने इंदूरला वा हैदराबादला मुलाकडे राहावयास जातात, तेथील डॉक्टर नव्या नावाची चिठ्ठी देतात, जुनी पट्टीही पेटीत असते. आणि एकच टॅमसुलोसिन दोन नावांनी दोनदा पोटात जाते. यावर उपाय म्हणजे वेष्टनावरील मूळ द्रव्याचे नाव वाचणे, किंवा वाचून घेणे. औषध, त्याची मात्रा, वेळ आणि आरंभाची तारीख एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद पाकिटात ठेवावा आणि त्याची एक प्रत घरच्यांपाशी द्यावी. एखादी मात्रा चुकली, तर त्याच दिवशी आठवल्यास घ्यावी; दुसऱ्या दिवशी दोन मिळून घेऊ नयेत.

लघवी पूर्णपणे अडून ओटीपोट दुखू लागणे, लघवीतून रक्त जाणे, थंडी वाजून ताप भरणे, शुद्ध हरपणे, किंवा इंद्रियाचा ताठरपणा चार तासांहून अधिक टिकणे, यांपैकी काहीही घडल्यास सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

ही व्याधी म्हणजे वयाचा धर्म आहे. तिच्यात दोषास्पद किंवा लाजिरवाणे असे काही नाही. गोळीचे काम पोटात गेल्यावर सुरू होते. तिच्यासंबंधीची सावधगिरी मात्र तिचे नाव उच्चारण्यापासून सुरू होते. डोळ्यांचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, औषधांचा दुकानदार आणि घरातील जिवाभावाचे माणूस, या चौघांच्या कानी ते नाव गेले की, औषधाने करावयाचे तेवढे हित ते निर्वेधपणे करू शकते.